आधी खताचं गिऱ्हाईक, मग यंत्र: छोट्या शहरांनी मिळून कचऱ्याचं नियोजन कसं करावं

कचरा बघायला म्हणून लोक इंदूरला येतात, याची आम्हा इंदूरकरांना आता सवय झाली आहे. नगराध्यक्ष येतात, मुख्याधिकारी येतात, महाराष्ट्रातल्या नगरपालिकांचे नगरसेवक बस करून येतात. देवगुराडिया इथला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्लांट बघतात, सुक्या कचऱ्याची छाननी बघतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "हा प्लांट केवढ्याला पडला?"

उत्तर सोपं आहे, सुमारे दीडशे कोटी. पण वीस हजार वस्तीच्या गावाने या उत्तराचं करायचं काय? मला वाटतं, पहिला प्रश्न वेगळाच हवा: तुमच्या कचऱ्यातून जे निघेल, ते घेणार कोण? पुढचं सगळं नियोजन मी त्या टोकापासून मागे उलगडत आणतो. इंदूरच्या आसपास हातोद, बेटमा, गौतमपुरा, देपालपूर, सांवेर अशा नगर परिषदा आहेत. तशीच गावं डोळ्यासमोर ठेवा, म्हणजे हिशेब समजायला सोपा जाईल.

आधी इंदूरने काय केलं ते क्रमाने बघू, कारण बाहेरून येणाऱ्या माणसाला शेवटची पायरी आधी दिसते. २०१६ च्या सुमारास दोन वॉर्डांत घरोघर कचरा गोळा करायला सुरुवात झाली, मग ते काम सगळ्या ८५ वॉर्डांत पोचलं. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात शहर पहिलं आलं, तेव्हा आजचा गॅस प्लांट नव्हताच. २०१८ च्या अखेरीपर्यंत ट्रेंचिंग ग्राउंडवरचा, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवरचा जुना डोंगर, जवळजवळ तेरा लाख टन, चाळून संपवला आणि शंभरेक एकर जमीन मोकळी झाली. रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्लांट सुरू झाला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. म्हणजे यंत्र येईपर्यंत शहराला वेगळा कचरा देण्याची पाच वर्षांची सवय झाली होती. आज आमच्या दारात येणाऱ्या गाडीला कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, पॅड-डायपर, आणि जुनी औषधं, रंग, बॅटऱ्यांसारखा धोक्याचा कचरा. नव्याने राहायला आलेल्या सुनेला सासूबाई चहा-साखरेचे डबे दाखवतात तसे हे डबेही दाखवतात. ही सवय विकत मिळत नाही.

आता मोजमाप. बहुतेक आराखड्यांत कचऱ्याचा आकडा माणशी सरासरीने काढलेला असतो. छोट्या गावांसाठी दरडोई रोज २०० ते ३०० ग्रॅम धरतात, मोठ्या शहरांत ४०० च्या वर. सुरुवातीला हा अंदाज ठीक, पण त्यावर शेड बांधू नये. गावच्या कचऱ्याचा खरा ताळेबंद हवा असेल तर जुनी आणि खात्रीची रीत आहे. वेगवेगळ्या मोहल्ल्यांतून आलेल्या गाड्या पत्र्यावर किंवा ताडपत्रीवर रिकाम्या करायच्या, फावड्याने ढीग नीट कालवायचा, त्याचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढून टाकायचे. उरलेला पुन्हा कालवून पुन्हा चार भाग. शंभरेक किलो उरेपर्यंत असं करत जायचं. मग हातमोजे घालून तेवढा ढीग वेचायचा: सालं-उष्टं एकीकडे, कागद, पातळ प्लास्टिक, जाड प्लास्टिक, कापड, काच, माती-दगड. प्रत्येकाचं वजन लिहायचं. सलग आठ दिवस, आणि वर्षातून किमान तीन ऋतूंत. माळव्यात हिवाळ्यात मटाराच्या शेंगा आणि हरभऱ्याचे डहाळे येतात, उन्हाळ्यात रसवंतीचं चिपाड आणि आंब्याच्या कोयी, पावसाळ्यात भुट्ट्याची सालं आणि बिट्ट्या. दिवाळीला खोकी, रांगोळी आणि घरातली जुनी अडगळ. एका आठवड्याच्या मोजणीवर वर्षाचं यंत्र ठरवलं की यंत्र कधी उपाशी राहतं, कधी तुंबतं. या वेचणीच्या वेळी नगराध्यक्षांनी आणि अभियंत्यांनी स्वतः हजर राहावं. अहवालाच्या पानावर जे कळत नाही ते तिथे अर्ध्या तासात कळतं.

आता हिशेब मांडू. समजा, पाच गावं, प्रत्येकी वीस हजार वस्ती, माणशी २५० ग्रॅम. गावाचा रोजचा कचरा पाच टन, पाचांचा मिळून पंचवीस. त्यात ओला तेरा टन, सुका आठ, आणि माती-राख-इतर चार टन धरू. पाचही गावं मिळून योजना करायची म्हटली की पहिली कल्पना सुचते ती अशी: मधोमध एक मोठा प्लांट, आणि पाची गावांतून सगळा कचरा तिथे. कागदावर हे फार छान दिसतं. गडबड ओल्या कचऱ्यात आहे. भाजीची सालं, उष्टं, फळांचा चोथा यांत साठ-सत्तर टक्के पाणी असतं. तेरा टनांत नऊ टन पाणी धरा. म्हणजे तीस-चाळीस किलोमीटरवरून रोज नऊ टन पाणी डिझेल जाळून आणायचं. वर्षाला तीन हजार टनांहून जास्त. शिवाय ते वाटभर रस्त्यावर गळत येणार, आणि पोचेपर्यंत आंबून त्याचा वास सुटणार.

सुक्याचं उलट आहे. तो वजनाला हलका, जागा मात्र खूप खातो. दाबून गठ्ठे केले की लांब नेता येतो, महिनाभर शेडमध्ये पडून राहिला तरी सडत नाही, आणि जितका जास्त जमेल तितका चांगला भाव मिळतो. राहिला तो तिसरा, ज्याचं खत होत नाही, जो विकला जात नाही आणि जळतही नाही. तो थोडा असतो, पण तो पुरायला लागणारी शास्त्रशुद्ध भरावाची जागा (लँडफिल) महाग असते.

म्हणून माझं मत असं: ओला कचरा गावच्या हद्दीत जिरवावा, सुका एकत्र करावा, आणि भरावाची जागा पाचांत एकच असावी. 'प्रादेशिक' शब्द ऐकला की सगळंच एकत्र करायचं असं वाटतं. कुठल्या कचऱ्याने किती प्रवास करायचा, हे ठरवणं म्हणजे प्रादेशिक नियोजन.

ओल्या कचऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खत या विषयात इंदूरचं नाव स्वच्छ सर्वेक्षणाच्या कितीतरी आधीपासून जगाला माहीत आहे. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये इथे वनस्पती संशोधन संस्था उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. तिथे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, कापसाच्या पऱ्हाट्या, पाला, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांपासून खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने तिचं पुस्तक आलं. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३५ साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही ती जाऊन पाहिली. हॉवर्ड यांचं नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येतं, वाडांचं क्वचितच येतं. इंदूरच्या मराठी माणसांनी तरी ते विसरू नये.

पद्धत साधी होती. साधारण तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन-तीन फूट खोल खड्डा. त्यात थरावर थर, प्रत्येक थर ओलसर. पंधरा-सोळा दिवसांनी पहिली पालट, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, तीन महिन्यांत खत तयार. आजचं मोठं खत केंद्र याच तत्त्वावर चालतं. खड्ड्याऐवजी फरशीवर माणसाच्या उंचीचे लांबलचक ढीग असतात आणि पालटायला जेसीबी किंवा लोडर असतो.

खत करतात ते जिवाणू, आणि त्यांच्या मागण्या तीनच. पहिली, हवा. ढीग पालटायचा तो यासाठी. हवा मिळाली नाही की दुसऱ्या जातीचे जिवाणू ताबा घेतात आणि दुर्गंधी सुटते. दुसरी, ओल. ढिगातली मूठभर सामग्री घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त, हात कोरडाच राहिला तर शिंपडायला हवं. तिसरी, खाण्याचा मेळ. नत्राच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस-तीस भाग लागतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि पाणीही जास्त. तो एकटा टाकला की चिखल होतो. त्यात वाळलेला पाला, भुसा, चिपाड घालावं लागतं. म्हणून रसवंतीवाल्यांचं चिपाड आणि बागांतला पाला जाळू देऊ नका, तो खत केंद्राचा कच्चा माल आहे. मेळ जमला की दोन-तीन दिवसांत ढीग पंचावन्न ते पासष्ट अंश तापतो. सकाळी गारठ्यात पालटताना वाफा निघतात, आत हात घालवत नाही. या उष्णतेने रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. चार-पाच आठवड्यांनी ताप उतरतो, मग काही आठवडे मुरू द्यायचं, आणि चाळायचं.

शेवटची चाळण चार मिलिमीटरची. भारत सरकारच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टचे निकष दिले आहेत: त्यात किमान १२ टक्के सेंद्रिय कार्बन हवा, ०.८ टक्के नत्र हवं, आणि किलोला शिसं १०० मिलिग्रॅमच्या, कॅडमियम ५ च्या, पारा ०.१५ च्या आत हवा. हे पाऱ्या-शिशाचे आकडे बघा आणि मग विचार करा की फुटकी ट्यूबलाइट, रंगाचा डबा, घड्याळाचे सेल ओल्यात पडले तर काय होईल. चाळणीने प्लास्टिकचा तुकडा निघतो, शिसं निघत नाही. कचरा घरातच वेगळा करायचा, यामागचं खरं कारण हे. मिसळलेल्या कचऱ्यापासून खत करून देतो म्हणणारा कुणी कंत्राटदार आला, तर त्याच्याकडून खताच्या तपासणीचे अहवाल मागा, आणि ते कुठल्या शेतात गेलं तेही विचारा.

आता गिऱ्हाइकाकडे येऊ. शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब करा. ०.८ टक्के नत्र म्हणजे एका टनात आठ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे एकवीस किलो, आणि ती गोणी मिळते २६६ रुपये पन्नास पैशांना. तेवढं नत्र कंपोस्टमधून हवं तर अडीच टन लागेल. नत्राच्या नावाने हे खत कधीच विकलं जाणार नाही, आणि तसं सांगून विकणं शेतकऱ्याची फसवणूक आहे. ते विकायचं ते जमिनीसाठी: सेंद्रिय कार्बनसाठी, काळी माती भुसभुशीत राहावी म्हणून, ओल धरून ठेवावी म्हणून. बटाटा, लसूण, कांदा लावणाऱ्या माळव्यातल्या शेतकऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही; शेणखत पूर्वीइतकं मिळत नाही हे त्याला रोज जाणवतं.

एका गावाचा ओला कचरा रोज अडीच-पावणेतीन टन. त्याचं खत होता होता पाणी आणि कर्बवायू उडून जातात, हाती येतं साधारण सहावा भाग, म्हणजे रोज सव्वाचारशे-साडेचारशे किलो, वर्षाला सुमारे १६० टन. एकरी दोन टन धरलं तर ऐंशी एकराला पुरेल एवढंच. ऐंशी एकर म्हणजे गावाला लागून असलेले दहा-पंधरा शेतकरी! जाहिरात नको, ब्रँड नको, गोण्या नकोत. ट्रॉली भरून थेट शेतात. याउलट इंदूरच्या प्लांटची क्षमता गॅसबरोबर रोज शंभर टन खताची. त्याला याच हिशेबाने वर्षाला अठरा हजार एकर शोधावे लागतील. मोठ्या केंद्राला बाजार उभा करावा लागतो, छोट्या केंद्राला शेजारी पुरतात. म्हणून मी म्हणतो, जागा बघण्याआधी त्या दहा-पंधरा शेतकऱ्यांची नावं यादीत लिहा.

गॅसचा मोहही याच हिशेबाने तपासावा. इंदूरचा प्लांट ५५० टनांतून दिवसाला सुमारे १७ हजार किलो सीएनजी काढण्यासाठी बांधला आहे; टनाला तीस-एकतीस किलो. त्याच दराने आपल्या गावाच्या वाट्याला येतील ऐंशी किलो, म्हणजे एखाद्या सिटी बसचा दिवसभराचा गॅस. त्यासाठी गॅस शुद्ध करणारी, दाबाने भरणारी यंत्रणा आणि ती चालवणारी शिकलेली माणसं ठेवणं परवडत नाही. शिवाय गॅसची टाकी जनावराच्या पोटासारखी असते: रोज ठरल्या वेळी, ठरलं तेवढं, ठरलं तेच खाणं हवं, भलतंच पडलं की बिघडते आणि ताळ्यावर यायला आठवडे लागतात. भाजी मंडईत मात्र गणित बदलतं. तिथे एकाच जागी, एकाच प्रकारचा, भरपूर ओला माल असतो. इंदूरच्या चोइथराम मंडीत वीस टनांचा गॅस प्लांट म्हणूनच शोभतो. तुमच्या पाच गावांत मोठी मंडई असेल तर जरूर विचार करा, नाहीतर खतावर थांबा.

सुक्याबद्दल थोडक्यात. प्रत्येक गावात लहानशी शेड, जिथे ढोबळ चार-पाच प्रकार वेगळे होतील, आणि पाचांत मिळून एक मुख्य केंद्र, जिथे बारीक छाननी आणि गठ्ठे होतील. पुठ्ठा, पेट (पीईटी) प्लास्टिकच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, लोखंड यांना गिऱ्हाईक आहे. जे विकलं जात नाही पण जळतं, त्याला कचऱ्यापासूनचं इंधन म्हणतात, आणि ते सिमेंटच्या भट्ट्यांत जातं. धार आणि नीमच जिल्ह्यांत असे कारखाने आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांत किलोला १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला कचरा भरावात टाकायला मनाई केली होती ती याच विचाराने. आणि शेडमध्ये काम द्यायचं ते गावात आधीपासून भंगार वेचणाऱ्या बायामाणसांना. पंधरा प्रकारचं प्लास्टिक नुसत्या आवाजावरून ओळखणारी माणसं बाहेरून आणता येत नाहीत.

भरावाच्या जागेचा प्रश्न तांत्रिक कमी आणि माणसांचा जास्त आहे. त्याच नियमांत नदीपासून १०० मीटर, तलाव, महामार्ग, वस्ती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर अशी अंतरं दिली होती. ती नकाशावर सहज पाळता येतात. पण चार गावांचा कचरा पाचव्याच्या उशाशी येणार असेल तर पाचव्याने का हो म्हणावं? त्याला तीन गोष्टी लेखी द्याव्या लागतील: कचरा टाकण्याचा मोबदला, आसपासच्या विहिरींच्या पाण्याची नियमित तपासणी गावासमोर, आणि फाटकावरून गाडी परत पाठवण्याचा हक्क. हा तिसरा हक्क सगळ्यात महत्त्वाचा. मिसळलेली गाडी एकदा परत गेली की पुढच्या आठवड्यात त्या गावचा नगरसेवक स्वतः गल्लीत फिरतो.

पैशाचं गणित फाटकावरच्या वजनकाट्यापासून सुरू होतं. ठेकेदाराला आलेल्या कचऱ्याच्या टनावर पैसे दिले की त्याला माती आणि पाडकामाचा मलबाही प्यारा होतो, कारण तो जड असतो. म्हणून काही रक्कम येणाऱ्या वजनावर, काही विकल्या गेलेल्या मालावर, आणि भरावात गेलेल्या प्रत्येक टनावर कपात. गावांनीही आपापसात तसंच करावं: भरावाचा दर सगळ्यात चढा ठेवावा, वेगळ्या केलेल्या सुक्याचा नाममात्र. पाच नगर परिषदांचा एकत्र करार निवडणुकीनंतर मोडू नये म्हणून एक छोटी संयुक्त समिती आणि एकच बँक खाते आधीच ठरवून घ्या.

लोकांना सोबत घेण्याबद्दल इंदूरच्याच इतिहासातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस होळकर दरबारासाठी शहराचा आराखडा करत होते. तो १९१८ मध्ये छापला गेला. दिवस प्लेगचे. त्यांनी दिवाळीची मोठी मिरवणूक आखली आणि जाहीर केलं की ती सगळ्यात स्वच्छ रस्त्यांवरून जाईल. घरोघर झाडलोट आणि डागडुजी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि सफाई कामगार होते, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून, त्यांच्या गाड्या-बैलही सजवलेले. शंभर वर्षांपूर्वी या शहरात ज्यांना कुणी शिवतही नव्हतं त्यांना मिरवणुकीत मान मिळाला, ही मला त्या सगळ्या आराखड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तुमच्या आराखड्यात कामगारांचे बूट, हातमोजे, आंघोळीची सोय आणि महिन्याच्या महिन्याला पगार यांचा खर्च पहिल्या पानावर असू द्या, परिशिष्टात नको.

राहिलं वेळापत्रक. खत रोज तयार होतं, शेतकऱ्याला ते वर्षातून दोनदाच हवं असतं: जूनच्या पेरणीआधी आणि रब्बीसाठी ऑक्टोबरात. ऑक्टोबर ते जून हे आठ महिने साठवायचं तर शंभरेक टनांची, वरून पक्की झाकलेली, जमिनीपासून उंच शेड लागते. पावसात भिजलेलं खत सत्त्व गमावतं आणि ट्रॉलीत भरताही येत नाही. बहुतेक आराखड्यांत ही शेड नसते. पहिल्या वर्षी खत फुकट द्या, पण अर्ध्या एकरालाच, आणि उरलेला अर्धा त्याच शेतात तसाच ठेवायला सांगा, म्हणजे फरक शेजाऱ्यालाही दिसेल. दुसऱ्या वर्षापासून भाव लावा. आणि पोचवण्यासाठी वेगळी गाडी घेऊ नका: भाजी घेऊन गावच्या मंडईत आलेल्या ट्रॉल्या दुपारी रिकाम्याच परत जातात.